अक्षर आणि खाडे

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडळाने पाककला स्पर्धा आणि रक्तदाब तपासणी यांच्या मधल्या मोकळ्या तासात 'हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखा' हा कार्यक्रम ठेवला. मूळ बेत जादूच्या प्रयोगांचा होता, पण जादूगार बजेटात बसेना.

तज्ज्ञांनी प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. "मनात येईल ते लिहा, खाली सही करा. शक्यतो इंग्रजीत."

"मराठीत चालेल का?" मी विचारलं.

एकादशीला कांदाभजी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालेल हो. पण मग टी कुठून आणणार?"

टीची आडवी रेघ वर मारली तर माणूस महत्त्वाकांक्षी, खाली मारली तर मनाने खचलेला. आयचा ठिपका पुढे सरकला तर उतावळा. वायचं शेपूट लांबलं तर हौशी. आमच्याकडे ट आहे, पण तो जेवण झालेल्या माणसासारखा पोट सोडून नुसता असतो, त्यातून महत्त्वाकांक्षा वगैरे काही निघत नाही. शिवाय इंग्रजी अक्षरं रेघेवर बसतात आणि आमची रेघेला लोंबकळतात, विरार लोकलमधल्यासारखी. मोडी लिहिणारे तर आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं टांगत. म्हणजे दोरी आधी, धुणं नंतर. आम्ही शब्द लिहून झाल्यावर वरून छप्पर घालतो. यातून दोन पिढ्यांच्या स्वभावाबद्दल एखादा सिद्धांत सहज निघाला असता. मी तो बोलून दाखवला, पण तज्ज्ञांनी पुढचा कागद घेतला.

माझा कागद आला तेव्हा त्यांनी तो दिव्याखाली धरला. "तुम्ही शब्दांवर रेघच देत नाही! बंधनं न मानणारा मनस्वी माणूस."

वस्तुस्थिती अशी की दहावीच्या आधी मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं, रेघा ओढत बसलास तर निबंध राहील. तेव्हापासून माझ्या शब्दांचं छप्पर उडालं ते उडालंच. "मनस्वी?" बायको मागून म्हणाली. "दूधवाल्याला दोन रुपये जास्त गेले तर आठवडाभर धुमसतात."

या विद्येला नाव दिलं मिशों नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने, १८७०च्या दशकात. पुढे तिच्यावर नोकऱ्याही मिळू लागल्या. १९८९ साली दोन इस्रायली संशोधकांनी अशा निवडींवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर हस्ताक्षरतज्ज्ञांचे अंदाज आणि त्यातलं ओ की ठो न कळणाऱ्यांचे अंदाज यांत तज्ज्ञ काही सरस ठरले नाहीत. जे थोडंफार जुळत होतं ते अक्षरामुळे नव्हे, मजकुरामुळे. उमेदवाराने 'मी फार कष्टाळू आहे' असं लिहायचं आणि तज्ज्ञाने ते वायच्या शेपटात शोधून काढायचं, असा तो मामला.

आमचे रामदास या भानगडीत पडले नाहीत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सबंध लेखनक्रियेवर आहे आणि त्यात स्वभावचिकित्सा औषधालाही नाही. तरुणपणी बारीक अक्षराची सवय लावून घेऊ नका, म्हातारपणी वाचता यायचं नाही. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. चाळिशीचा चष्मा आणि कसर, दोन्हींची सोय केलेला हा बहुधा जगातला एकमेव संत असावा. घाणेरडं अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचं लक्षण, असं गांधीजींनी आत्मचरित्रात लिहिलंय, तेही स्वतःच्या अक्षराबद्दल, त्यामुळे मला बराच आधार वाटतो.

आमच्या घरी रामदासांचा समास पाळला तो अण्णांनी. ते कारकुनीत तीस वर्षं होते. अक्षर उभं, सुटं, इस्त्री केलेलं. मी वसतिगृहात होतो तेव्हा त्यांचं दरमहा कार्ड यायचं: 'पत्र मिळाले. इकडील सर्व ठीक. पैसे जपून वापर.' मी नापास झालो तेव्हाही तेच अक्षर, तेच समास, एक काना इकडचा तिकडे नाही. ते कार्ड लिहिताना त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मिशोंनाही कळलं नसतं.

निवृत्तीनंतर हे सगळं अक्षर कालनिर्णयवर उतरलं. गॅस कधी लावला, इस्त्रीचे कपडे किती, आणि मुख्य म्हणजे दुधाचा रतीब. रोजच्या चौकटीत '१॥'. अण्णांनी 'दीड' असा शब्द कधी लिहिला नाही आणि दशांश चिन्ह तर त्यांना चहात पडलेल्या माशीसारखं वाटे. ज्या दिवशी दूध नाही त्या दिवशी एक छोटी फुली. खाडा. महिनाअखेरीस दूधवाला यायचा, कॅलेंडरकडे नुसती नजर टाकायचा आणि म्हणायचा, "अण्णांनी मांडलंय ना, मग बरोबर." त्याच्याकडेही स्वतःची वही होती. ती त्याने कधी उघडली नाही.

गेल्या फेब्रुवारीत '१॥'मधल्या दोन उभ्या रेघा एकमेकींपासून लांब जायला लागल्या. मग एक तिरकी झाली. बावीस तारखेला एकच रेघ होती. त्या दिवशी आमच्याकडे सव्वा लिटर दूध आलं असं कागदोपत्री ठरतं. तेवीसपासून चौकटी कोऱ्या आहेत. घरात माणसांची ये-जा होती, दूध उलट जास्त लागत होतं, पण ते मांडायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मार्चपासून मी मांडायला लागलो. का कुणास ठाऊक, हात आपोआप '१॥'कडेच गेला. रेघा सरळ याव्यात म्हणून मी श्वास रोखून काढायचो. फुलीही त्यांच्यासारखीच, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात. खोटं कशाला बोला, बरीच जमली होती. बायको एकदा कॅलेंडरपुढे थबकली, पण बोलली काही नाही.

एकतीस तारखेला दूधवाला आला. चपला दाराबाहेर काढून आत आला, सवयीने कॅलेंडरकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. पान मार्चचं होतं. त्याने जवळ जाऊन एका फुलीवर बोट ठेवलं.

"हे कुणी मांडलं?"

"मीच," मी म्हटलं.

तो थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग जाजमावर बसला, पिशवीतून वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि म्हणाला, "मग एकदा मोजून घेऊ."