चोखोबा बाहेर का?

गेल्या कार्तिकीला पंढरपुरात महाद्वारापाशी उभा होतो. नामदेव पायरीला हात लावायला रेटारेटी चाललेली, समोर चोखोबांची समाधी. सात-आठ वर्षांच्या एका मुलीनं आजीला विचारलं, "हे देवळाच्या बाहेर का गं?" आजी म्हणाली, "देवाचे लाडके ना बाळा, म्हणून दारातच ठेवलं." मुलीनं मान डोलावली आणि दोघी पायरीकडे सरकल्या.

आजीचा राग आला नाही. तिच्या कानावर जन्मभर हेच पडलंय. राग आला तो आम्हा माळकऱ्यांच्या गोडगोड सांगण्याचा. चोखोबा बाहेर आहेत, कारण ते महार होते आणि आपण त्यांना आत येऊ दिलं नाही. उत्तर एवढंच आहे आणि ते लहान मुलालाही कळतं.

त्यांच्या मरणाची कथा कीर्तनात रंगते. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा. नामदेव तिथं गेले. ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं, ती चोखोबांची म्हणून त्यांनी उचलून पंढरीला आणली. इथं बुवांचा आवाज चढतो, मृदंग घुमतो, मंडपात डोळे पुसले जातात. मीही पुसतो. पण त्या भिंतीवर कुणी थांबत नाही. गावकूस बांधायचं महारांनी आणि राहायचं त्याच गावकुसाबाहेर! जी भिंत त्यांना बाहेर ठेवायची, तीच त्यांच्या अंगावर पडली. सोबत मेलेल्या मजुरांची तर नावंही आपल्या कथेत नाहीत.

समाधीपासून गाभारा हाकेच्या अंतरावर. तेवढं अंतर चालायला चोखोबांच्या माणसांना सहाशे वर्षांहून जास्त लागली. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, दहा दिवस अन्नाला शिवले नाहीत, तेव्हा कुठं दार उघडायचं ठरलं. अडवणारे कुणी परके नव्हते, गळ्यात तुळशीची माळ असलेलेही त्यांत होते. देवाचं तेज आधीच घागरीत काढून घेतलंय, असं तेव्हा सांगितलं गेलं. माझ्या आजोबांनी ते खरं मानलं. त्यानंतर वारी त्यांनी एकदाही चुकवली नाही, पण देवळात पाऊल टाकलं नाही; कळसाला हात जोडून परतायचे. घरात याला निष्ठा म्हणत. त्यामागचं कारण मला तिशी उलटल्यावर कळलं, तेही घरातल्या कुणी सांगितलं नाही.

हे काढलं की लगेच ऐकू येतं, "जाऊ द्या हो, झालं गेलं चंद्रभागेला मिळालं." मिळालं असतं तर आजीनं नातीला ते उत्तर दिलं नसतं. वारीत भेद नाही, असं आपण उठता-बसता म्हणतो. इरावती कर्व्यांनी वारीवर 'वाटचाल' हा लेख लिहिला तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांची पंगत वेगळी होती आणि मराठ्यांची वेगळी. भेद कुठं कुठं होता हेच सांगायचं नाही, तर आज तो कुठं उरलाय ते शोधणार कसं? रोज देवापुढं 'मी पतित' म्हणणाऱ्या आपल्याला, माणसांपुढं 'आम्ही चुकलो' म्हणणं एवढं जड का जावं?

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. जिथं तीन नावं एका ओळीत आली, त्या पानाबद्दलही मी फडावर कधी ऐकलं नाही.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. देवाला थेट जाब विचारणारे त्याचे अभंग आहेत. येत्या आषाढीला त्यातला एक निरूपणाला घ्या, अशी विनंती आमच्या बुवांना करणार आहे. आणि समाधीपाशी खरं कारण सांगणारी पाटी हवी, त्या मुलीला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत.