पाव फेरा

मास्तर तुम्हाला माहीत आहेत. एम्ब्रॉयडरीचं मशीन असलेल्या कुठल्याही गाळ्यात ते भेटतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी बारीक स्क्रूड्रायव्हर, आणि मशीन थांबलं की कोणी काही सांगायच्या आत टेन्शनच्या स्क्रूवर गेलेली दोन बोटं. धागा तुटला? पाव फेरा. खाली बॉबिनच्या धाग्याचा गुंता झाला? पाव फेरा. मंडळाच्या नावातलं पहिलं अक्षर नीट आलं आणि शेवटचं उताराला लागलं? जरा विचार करून, पाव फेरा. सुई मोडून तिचं टोक बक्रममध्ये रुतलं तरी मास्तर आधी स्क्रू फिरवतात, मग टोक शोधतात. फेरा कधी उजवीकडे असतो, कधी डावीकडे. केव्हा कोणता, हा नियम त्यांनी अजून कोणाला सांगितलेला नाही. साध्या टी-शर्टावर ही चिकित्सा खपून जाते, कारण तिथे मुळात फारसा आजारच नसतो. मास्तरांची खरी परीक्षा बघते ती ताठ कपाळाची कॅप: सहा पाकळ्यांची, पुढच्या दोन पाकळ्यांना आतून बक्रम लावलेली, मधोमध जाड शिवण असलेली.

माझं म्हणणं असं, की कॅपवरचे बहुतेक बिघाड त्या स्क्रूपासून हातभर लांब घडतात. टाका कसा पडतो ते बघा. सुई कापड भेदून खाली जाते. ती वर निघू लागताना कापड धाग्याला धरून ठेवतं, त्यामुळे सुईच्या मागे धाग्याचा छोटा फास सुटतो, आणि फिरता हुक तो फास पकडून बॉबिनच्या धाग्याभोवती नेतो. या सगळ्याला अट एकच: कापड जागेवर राहिलं पाहिजे. कॅप गोल असते. तिच्यात आणि खालच्या प्लेटमध्ये थोडी पोकळी राहतेच, आणि फ्रेमचा पट्टा सैल बसला तर ती वाढते. मग कॅपचं कपाळ तव्यावरच्या फुगत्या पोळीसारखं सुईबरोबर वर उठतं आणि पुन्हा बसतं. फास धड सुटत नाही, हुक रिकामा फिरतो, टाका चुकतो, धागा पिंजतो आणि शेवटी तुटतो. मधल्या शिवणीवर तर कापडाचे थरच थर. तिथे बारीक सुई वाकते, घसरते, कधी मोडते. यात स्क्रूचा काय दोष? उपाय कंटाळवाणे आहेत. आतली घामपट्टी बाहेर ओढून घ्यायची, पट्टा व्हायझरच्या मुळाशी घट्ट बसवायचा, मागचं कापड क्लिपांनी ताणून धरायचं, आत टिअर-अवे पेपर घालायचा, ७५ची बॉलपॉइंट काढून ८०ची टोकदार सुई लावायची, वेग मिनिटाला सहाशेक टाक्यांवर आणायचा. मास्तरांना हे सगळं येतं. फक्त ते आधी पाव फेरा देतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे: टेन्शन खरोखरच चुकलेलं असलं तर? असू शकतं, आणि ते तपासायला मिनिटही लागत नाही. सॅटिनच्या टाक्याची उलटी बाजू बघायची. मधल्या एक तृतीयांश भागात बॉबिनचा पांढरा धागा आणि दोन्ही कडांना वरचा रंगीत धागा दिसला पाहिजे. सपाट कापडाच्या तुकड्यावर हे प्रमाण नीट येत असेल तर स्क्रू निर्दोष सुटला; आरोपी फ्रेममध्ये शोधा. दुसरा आक्षेप खुद्द मास्तरांचा: “फेरा दिला आणि चाललं की नाही?” चाललं, हे खरं. पण फेरा देण्यासाठी मशीन थांबलं होतं. तेवढ्यात धागा नव्यानं ओवला गेला, हाताखालच्या पोरानं कॅप काढून पुन्हा नीट चढवली, आणि सुरू करताना भीतीपोटी वेगही उतरला. काम या तिघांनी केलं, सत्कार स्क्रूचा झाला. शिवाय चार पाव मिळून एक होतो हे गणित स्क्रू विसरत नाही. आठवडाअखेर शाळेच्या सपाट बॅजवर बॉबिनचा पांढरा धागा वर डोकावू लागतो, आणि त्यावर मास्तरांकडे काय उपाय असतो हे आता सांगायला नको.

एवढं सिद्ध झाल्यावर मास्तरांना अडाणी ठरवून मोकळं व्हावं, तर तेही पटत नाही. ते नेमका स्क्रूच का धरतात, हे बघायला हवं. मशीन ज्या फाइलवर चालतं ती पंचिंगवाल्यानं कुठल्यातरी दुसऱ्या गावात, सपाट पडद्यावर बसून केलेली असते. कॅपवर शिवण मधून कडांकडे आणि व्हायझरकडून वर न्यायची असते, म्हणजे सैल कापड बाहेर ढकललं जातं. अक्षराची बाह्यरेषाही त्या-त्या अक्षराबरोबर उरकायची, शेवटाला राखून ठेवायची नसते. प्रत्यक्षात येते ती शर्टाच्या खिशासाठी डावीकडून उजवीकडे केलेली जुनीच फाइल. डीएसटी फाइलीत सुई कुठे न्यायची एवढंच लिहिलेलं असतं. खाली शर्ट आहे की कॅप, याचा तिला पत्ता नसतो. गिऱ्हाइकाला सव्वादोन इंच जागेत चिन्ह, घोषणा आणि वर मोबाइल नंबर हवा असतो, तोही परवा सकाळी, कारण परवा प्रचारफेरी आहे. मालक “होऊन जाईल” म्हणून बसलेला असतो. पंचिंगवाला म्हणतो फाइल बरोबर, कॅपवाला म्हणतो माल बरोबर, मालक म्हणतो दर बरोबर. सगळेच बरोबर निघाल्यावर चूक उरते ती मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला, आणि या सगळ्या साखळीत त्याच्या अखत्यारीत येणारी एकच वस्तू असते. ती दोन बोटांत मावते. बिघडलेल्या कॅपचे टाके ब्लेडनं उसवून, बक्रमला पडलेली जुनी भोकं नव्या टाक्यांखाली झाकतो तोही हाच माणूस. हे कसब कुठल्या फाइलीतून येत नाही, आणि बिलात ते कोणी लावतही नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मंडळाच्या किंवा टीमच्या कॅप शिवायला द्याल, तेव्हा मजकूर कमी ठेवा, पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मागू नका, व्हायझरपासून अर्धा इंच जागा सोडा, आणि आधी त्याच कॅपवर एक नमुना शिवून घ्या. नमुना बिघडला तर मास्तरांना त्यांचा पाव फेरा देऊ द्या. पंचिंगवाल्याला फोन मात्र तुम्ही करा.