चार मजली बर्गर

ल कॉर्बूझिएने चंदीगडच्या आराखड्यात सगळ्याची सोय केली, बर्गरच्या रांगेची तेवढी राहून गेली. अमेरिकेहून आलेल्या एका साखळीने ती उणीव भरून काढली आहे. बर्गरचं हे वेड तसं जुनंच. २०१४ मध्ये बर्गर किंगने भारतातलं पहिलं दुकान उघडण्याआधीच ईबेवर आपल्या व्हॉपर बर्गरची आगाऊ विक्री केली होती. भूक लागायच्या आत पैसे भरून मोकळे!

इथेही पोरं फोन उंचावून उभी. फलकावरचा बर्गर चार मजली, हातात पडलेला तळमजल्यावरच. पाव एका अंगाला कललेला, लेट्यूसचं पान अंग चोरून बसलेलं, सॉस सगळा कागदाला. मूळ अमेरिकी गोमांसाला इथे मज्जाव, म्हणून जगप्रसिद्ध चव म्हणजे चिकन, नाहीतर पनीर. पनीर! तेही पंजाबच्या राजधानीत, जिथे कुठल्याही ढाब्यावर ते याहून मऊ मिळतं आणि वर लोण्याचा गोळा येतो.

शेजारच्या टेबलावरच्या बीजींनी, म्हणजे आजींनी, एक घास घेतला, नातवाकडे पाहिलं आणि पिशवीतून लोणच्याची बरणी काढली. मी निमूट माझा ट्रे पुढे सरकवला.