रोहतांगावर सुती दाजी

मराठी माणूस थंड हवेच्या गावाला निघाला की बॅग भरतो ती बाहेरच्या हवेच्या भीतीने. कानटोपी, दोन स्वेटर, वर शाल, शालीवर आणखी कोणाची तरी शाल. बसच्या खिडकीशी बसून जाणाऱ्याचं याने काही बिघडत नाही. सायकलने डोंगर चढणाऱ्याला मात्र खरा त्रास घरातूनच असतो, म्हणजे स्वतःच्या अंगातून. तासाभरात माणूस घामाने निथळतो. तो घाम उडून गेला तर ठीक, नाहीतर माथ्यावरचा वारा त्याचा हिशेब करतो.

हे सगळं दाजींना पटवायचं काम माझ्याकडे होतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मनाली ते लडाख सायकलने जाण्याचं त्यांनी मनावर घेतलं, आणि ताईने मला फर्मान काढलं, "यांना एकटं सोडू नकोस." दाजींची एकच अट होती, अंगाला लागेल ते सुती.

"सुती कापड श्वास घेतं," ते म्हणाले. "माझ्या आजोबांनी अख्खा जन्म सुती बंडीत काढला."

"ते रोहतांग खिंडीत गेले होते?"

"त्यांच्यावर तशी वेळ आली नाही."

सुती कापड श्वास घेतं हे खरंच आहे, पण ते पितंही. नेहमीच्या हवेत कापसाचा धागा आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टरचा अर्धा टक्काही नाही. घाम पॉलिस्टरच्या धाग्यात शिरत नाही, त्याच्या अंगावरून पसरतो आणि उडतो. कापूस मात्र घाम पोटात घेऊन बसतो. पुण्याच्या मे महिन्यात ही सोय आहे, ओला सदरा म्हणजे अंगावर बांधलेला वाळ्याचा पडदाच. तोच पडदा बांधून घाटातून ताशी चाळीसच्या वेगाने खाली यायचं, तेही चार हजार मीटरवरून, म्हणजे काय होईल ते सांगायला नको. पाणी हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून नेतं. मी हे सांगितलं तेव्हा दाजी दुकानातल्या सायकलींच्या किमती वाचत होते.

दुकानातला खरा प्रसंग चड्डीचा. सायकलची पॅडवाली चड्डी हातात घेऊन दाजींनी ती आधी बाहेरून, मग आतून तपासली आणि विचारलं, "ही बनियनसारखी आतून घालायची की बाहेरून?"

"बाहेरून, काका," दुकानातला पोरगा म्हणाला. "आणि आत काही घालायचं नाही."

"काही म्हणजे?"

"काहीच नाही. आतल्या कपड्याची शिवण पॅड आणि कातडीच्या मधे येते. वीस किलोमीटरनंतर सोलवटून निघाल."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. बँकेत मोठी थकबाकी सापडल्यावर ते असेच पाहत असावेत. "मग माझी जीन्स काय वाईट आहे?" जीन्सचं वाईट हे की तिच्या चारही जाड शिवणी जिथे एकत्र येतात, तिथेच नेमकं सायकलचं सीट असतं. एवढं सगळं पोरगा अगदी सरळ चेहऱ्याने सांगत होता, शेजारी एक बाई मुलासाठी घंटी निवडत होत्या.

शेवटी दाजी ट्रायल रूममध्ये गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी हेल्मेट डोक्यावर न घालता पुढ्यात धरलं होतं.

वातावरण हलकं करावं म्हणून मी त्या चड्डीतल्या लायक्राची जन्मकथा सांगितली. १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हा धागा बनवला, तो बायकांच्या पोट आवळणाऱ्या अंतर्वस्त्रांत रबराऐवजी वापरता यावा म्हणून. ही माहिती द्यायची वेळ अजिबात बरोबर नव्हती. दाजी उलट्या पावली आत गेले.

तिढा सोडवला तो पोऱ्यानेच. रस्त्यावर शर्यती लावणारे लोक घट्ट चड्डीवर हिंडतात, पण डोंगरातले सायकलवाले त्या चड्डीवर एक ढगळ, गुडघ्यापर्यंतची पँट चढवतात. पडलं तर कातडी वाचते, झुडपात अडकलं तर फाटायला आधी ती असते, खिसे मिळतात. दाजींना यातलं चौथं कारण आवडलं, ते सांगायची गरज नाही. पँट घेतली. जर्सी मात्र साफ नाकारली. तिचं कापड पाठीमागे लांब ठेवलेलं असतं ते वाकल्यावर कंबर उघडी पडू नये म्हणून, हे ऐकूनही नाही. "माझा शर्ट मी खोचतो," ते म्हणाले.

मनाली २,०५० मीटरवर, रोहतांग ३,९७८ मीटरवर, मधे ५१ किलोमीटर. जूनचा पहिला आठवडा. पलचान सोडलं की रस्त्याच्या कडेने भाड्याच्या कपड्यांची दुकानं सुरू होतात. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकापुढे रांगेने टांगलेले केसाळ कोट, जांभळे, नारिंगी, बिबळ्याचे ठिपके असलेले, आणि खाली गमबुटांच्या जोड्या. आम्ही घामाघूम होऊन पेडल मारत होतो आणि दुकानदार ओरडत होते, "सर, ऊपर बर्फ है, जम जाओगे!" दाजी एका जांभळ्या कोटापाशी थांबले. हात लावून पाहिला. त्या कोटात चढ चढणारा माणूस बर्फाने कधीच मरणार नाही, वाफेने मरेल.

माझ्या पिशवीत एक महाग जाकीट होतं, पाणी न येऊ देणारं आणि वाफ बाहेर सोडणारं. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी एका झटक्यात ओढली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालं. पाण्याचा थेंब त्यातून शिरत नाही, वाफ निघून जाते. विज्ञान चोख आहे, पण चढावर माणूस जितका घाम गाळतो तितका सोडायला त्या बिचाऱ्या छिद्रांना वेळ मिळत नाही. म्हणून असलं जाकीट चढताना पिशवीत असतं आणि पाठ पिशवीखाली भिजते. त्यावर तोडगा म्हणून काखेत चेन दिलेली असते. दाजींनी ती उघडून पाहिली आणि म्हणाले, "काखेला खिडकी! एवढ्या पैशात आमच्या सोसायटीत बाल्कनी बंद करून देतात."

गुलाबा या ठिकाणाच्या पुढे झाडं संपतात आणि ऊन चावायला लागतं. हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, त्याच वेळी अतिनील किरण दहाएक टक्क्यांनी वाढतात. सावलीत कुडकुडायचं आणि उन्हात भाजायचं, दोन्ही एकाच वळणावर. दाजींच्या अर्ध्या बाह्यांखालचे हात दुपारपर्यंत गाजरासारखे झाले. मी माझ्या सुट्या बाह्या पुढे केल्या. स्कूटरवरच्या पुण्याच्या मुली घालतात तशाच त्या, खांद्यापासून मनगटापर्यंत. त्या मुलींना दाजी गेली कित्येक वर्षं "चंबळच्या डाकू" म्हणत आले आहेत. त्यांनी काही न बोलता बाह्या चढवल्या. वर रुमालही बांधला.

रात्र मढीला, ढाब्यामागच्या तंबूत. कपडे सायकलींवर वाळत घातले. सकाळी माझी जर्सी कोरडी होती आणि दाजींचं बनियन हँडलवर टांगलेल्या थंडगार पोतेऱ्यासारखं. मी काही बोलणार एवढ्यात ते म्हणाले, "माझं ओलं आहे, मान्य. पण तुझी कोरडी जर्सी तंबूत आणू नकोस. कोणीतरी मेलंय असं वाटतं." हे मात्र खरं होतं. पॉलिस्टर पाणी धरत नसलं तरी घामाच्या वासाशी त्याचं घट्ट नातं जमतं. त्याला उत्तर लोकरीत आहे. मरिनो मेंढीची बारीक लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पिऊनही ओली लागत नाही, वासही लवकर धरत नाही. तिची किंमत ऐकून दाजींनी मेंढीच्या प्रकृतीची चौकशी केली.

माथ्यावर गाड्यांची रांग, बर्फाच्या कडेला घोडे, मक्याची कणसं. हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ-बासष्ट टक्के, त्यामुळे बोलणं तुटक होतं. अपवाद एका मराठी सहलीचा.

"अगं बाई, मराठीच की! पुण्याचे का? पुण्यात कुठे?"

भाड्याच्या नारिंगी कोटातून एक काकू बाहेर डोकावत होत्या. दाजी तेव्हा एका दगडामागे ओलं बनियन काढून कोरडं घालत होते. त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि शहाणपणाचं पहिलं वाक्य त्यांनी तिथेच उच्चारलं, "उतारावर काय करायचं रे?"

मला जुनी युक्ती आठवली. आल्प्समधल्या घाटमाथ्यांवर टूर द फ्रान्सचे स्पर्धक प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत आणि उताराला लागण्याआधी जर्सीत छातीवर कोंबत. कागदातून वारा आरपार जात नाही, आणि थोडा घामही तो टिपतो. हे ऐकताच काकूंनी चकल्यांच्या डब्याभोवतीचा अख्खा पेपर सोडला. काकांनी अडवलं, "पुरवणी नको, तिच्यात कोडं आहे, अर्धं झालंय."

"माणूस गारठून मरतोय आणि तुमचं कोडं!" काकूंनी पुरवणी दाजींच्या छातीवर स्वतःच्या हाताने बसवली आणि वर दोन चकल्या दिल्या. पाठीमागून काका विचारत राहिले, "आडवे सात, चार अक्षरी, 'धाडसी'?"

"आगाऊ," काकू म्हणाल्या.

"तीनच झाली."

पलीकडचा उतार ग्रांफूकडे जातो. डांबर मधेच संपतं, दगड आणि ओहोळ सुरू होतात, आणि मग पॅड, ढगळ पँट, पूर्ण बोटांचे हातमोजे या सगळ्यांचा अर्थ एकेका हादऱ्याला उलगडतो. दाजी माझ्यापुढे होते. छातीतून करकर आवाज येत होता, पण अंग ताठ होतं, थरथर नव्हती. मी माझ्या महाग जाकिटाच्या काखेतली खिडकी उघडी राहिल्याने गारठलो होतो, त्याबद्दल त्यांना अवाक्षर कळू दिलं नाही.

खोकसरला ढाब्यात एक बाई लाहौली मोजे विणत बसल्या होत्या, जाड लोकरीचे, रंगीत नक्षीचे. दाजींनी घासाघीस न करता दोन जोड विकत घेतले, हे मी नोंदवून ठेवलं. मग शर्टाची बटणं सोडून पुरवणी बाहेर काढली. ओली, सुरकुतलेली, शाई बनियनवर उतरलेली, कामातून गेलेली.

"पुढचा बारालाचा किती?"

"पावणेपाच हजार मीटरच्या वर."

दाजी उठले आणि खोकसरच्या चार ढाब्यांतून वर्तमानपत्र शोधत फिरले. तिसऱ्या ढाब्यात भजी ठेवायच्या परातीखाली एक सापडलं, हिंदी, तीन दिवसांचं शिळं. मी म्हटलं, दाजी, मराठी नाही मिळायचं इथे.

"पानं मोठी आहेत ना?" ते घडी घालत म्हणाले. "मग भाषा कुठलीही चालेल."