डीजेपुढे उभं राहण्याचं शास्त्र

धाराशिव जिल्ह्यात गाणं ऐकायच्या दोन रीती आहेत. एक कानाने ऐकायची. ती भजनी मंडळं आणि आकाशवाणीचे काही निष्ठावंत श्रोते अजून पाळतात, पाळू द्यावी. दुसरी छातीने ऐकायची. प्रस्तुत मार्गदर्शन या दुसऱ्या रीतीच्या होतकरू रसिकांसाठी आहे. मुरलेल्या जाणकारांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त त्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या फंदात कुणी पडू नये.

आधी मुहूर्त. हा छंद गणपतीतच सुरू करावा असा एक समज आहे, पण त्यासाठी भाद्रपदापर्यंत थांबायचं कारण नाही. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १ ऑगस्ट, उरूस, नवरात्र, निवडणुकीचा गुलाल आणि लग्नसराईतल्या वराती, असा आपला बारमाही हंगाम असतो. ज्या जिल्ह्यात पावसाचा भरवसा नाही तिथे एवढं एक पीक हमखास येतं. टेम्पो तोच, जनरेटर तोच, नाचणारी पोरंही बरीचशी तीच; पुढचा बॅनर आणि उधळायचा रंग तेवढा बदलतो. सर्वधर्मसमभावावर भाषणं देणाऱ्यांनी एखाद्या डीजेवाल्याची बुकिंगची वही एकदा बघावीच. २०१८ साली नीती आयोगाने आपल्याला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं, तेव्हा आकांक्षा कशाची हे बहुधा विचारायचं राहून गेलं.

नवखा माणूस ओळखू येतो तो त्याच्या पहिल्या प्रश्नावरून. ‘गाणं कोणतं लागलंय?’ असं विचारलंत की संपलात. विचारायचं ते, ‘सेटअप कुणाचा?’ मग, ‘किती बेस, किती टॉप?’ बेस म्हणजे खालचे कपाटाएवढे खोके, आत अठरा इंची स्पीकर. टॉप म्हणजे वरचे; त्यातून शिट्ट्या, भोंगे आणि ‘हात वर’ असे आदेश येतात. ‘आठ बेस, आठ टॉप’ असं उत्तर आलं तर भुवया किंचित वर न्याव्यात, फार नाही, आणि लगेच दुसरीकडे बारा पाहिल्याचं सांगावं. कळंबात असाल तर बार्शीचं नाव घ्यावं, उमरग्यात असाल तर सोलापूरचं, परंड्यात करमाळ्याचं. मोठा सेटअप नेहमी दुसऱ्याच्याच तालुक्यात वाजून गेलेला असतो.

पश्चिमेकडच्या जिल्ह्यांत या सगळ्या प्रकाराला डॉल्बी म्हणतात. ज्यांच्या नावाने म्हणतात ते रे डॉल्बी १९६३ पासून युनेस्कोतर्फे भारतातच, चंदीगडला कामाला होते. इथून लंडनला जाऊन १९६५ साली त्यांनी कंपनी काढली, ती टेपच्या मागची सरसर कमी करायला. माणूस उगाच परत गेला. एखाद्या विसर्जनाला इकडे आला असता तर धंद्याची दिशाच बदलली असती.

आता मूळ विषय, म्हणजे संगीत. प्रायोगिक संगीत ऐकायला परदेशात तिकीट काढून अंधाऱ्या हॉलमध्ये जावं लागतं. माय ब्लडी व्हॅलेंटाइन हा १९८३ साली डब्लिनमध्ये निघालेला बँड कार्यक्रमात एकच गदारोळ कित्येक मिनिटं सलग चालू ठेवतो, लोक भारावून ऐकतात, आणि त्यासाठी दारातच कानात घालायचे प्लग वाटले जातात. द हू या बँडचा ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन भागातल्या फुटबॉल मैदानावर ३२ मीटरवरून १२६ डेसिबल इतका आवाज मोजला गेला आणि गिनीज बुकात गेला. पुढे गिनीजवाल्यांनी लोकांचे कान जातील म्हणून हा विक्रमच नोंदवायचं सोडून दिलं. तेवढा कच्चेपणा केला नसता तर त्या पुस्तकात मराठवाड्याची दोन-तीन पानं सहज झाली असती.

आपल्याकडच्या प्रयोगशीलतेचं शिखर म्हणजे ‘साउंड चेक’. स्पीकर नीट वाजतो का ते बघायला बनवलेला हा ट्रॅक. यात गाणं नसतं, गायक नसतो, चाल नसते. भोंगा, काच फुटल्याचा आवाज, कुणीतरी जरबेने केलेली उलटी गिनती आणि मग धप्प. मूळ कार्यक्रम सुरू होण्याआधीची ही तपासणी रसिकांना इतकी आवडली, की आता ती संपूच देत नाहीत. त्याखालोखाल ‘हलगी मिक्स’, ‘संबळ मिक्स’ वगैरे. चित्रपटातलं गाणं घेतलंच तर आधी साफ करून घेतात. २०१६ चा ‘सैराट’ घ्या. दिग्दर्शक आपल्या परंड्याला खेटून असलेल्या करमाळा तालुक्यातले. अजय-अतुलनी त्याच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. तीच गाणी आमच्या टेम्पोवर चढेपर्यंत सगळी व्हायोलिनं वाटेतच उतरवून दिलेली असतात. उरतो तो ठोका, आणि दोन ठोक्यांच्या मधली धडधड.

मिक्स करणाऱ्याचं नाव दर पंधरा-वीस सेकंदांनी घुमत्या आवाजात येतं. त्याला हसू नये. रचनेत आपलं नाव गुंफायची परंपरा याच मातीतली आहे. तेरच्या गोरोबाकाकांनीही अभंगात आपलं नाव घातलंय. फक्त ते शेवटी, एकदा. आणि गोरोबाकाकांचा विषय निघालाच आहे तर छातीने ऐकण्याचं मूळ तत्त्वही तेरमध्येच सापडतं. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं हे त्यांनी ठरवलं, आणि नामदेव कच्चे निघाले, ही गोष्ट आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. अठरा इंची बेस हे आजचं थापटणं. जो पुढे सरकला तो पक्का, ज्याने कानावर हात नेला तो नामदेव. (नामदेवांनी मग जाऊन गुरू केला. आपल्याकडचे कच्चे लोक पोलिसांना फोन करतात.)

उभं कुठे राहावं, याला खरोखर शास्त्र आहे. खालच्या पट्टीतला आवाज सरळ रेषेत जात नाही, चहूकडे पसरतो. साधारण ५० हर्ट्झच्या बेसची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, म्हणजे जुन्या गावठाणातली अख्खी गल्ली तिला पुरत नाही. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परत पाठवतात, म्हणून तेवढा उतरत नाही. त्यातही भिंतीला पाठ लावून किंवा कोपऱ्यात उभं राहिलात तर बेस आणखी लागतो. तेव्हा खऱ्या भक्ताने छत्रपती शिवाजी महाराज चौकातल्या ऐसपैस जागेच्या मोहात न पडता, दोन वाड्यांच्या मधली बोळ गाठावी. पत्र्याचं शटर पाठीशी मिळालं तर दुधात साखर. शटरही ताल धरतं.

बेसची संख्या वाढवण्यावरून मंडळात वाद होतात, त्यांच्यासाठी एक हिशेब. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर दहा डेसिबल वाढावे लागतात, आणि त्याला ताकद दहापट लागते. म्हणजे वॅटच्या हिशेबात चार बेसच्या जागी चाळीस. यंदा चाराचे सहा केलेत तर वर्गणी देणाऱ्याला फरक कळेल, ऐकणाऱ्याला जेमतेम.

टेम्पोजवळ पोहोचलात की वर बघा. डीजेवाला दोन बोटांनी एक बटण धरून बसलेला असतो. ते बटण शेवटपर्यंत फिरवलेलंच असतं, पण धरून बसावं लागतं. त्याच्या पायाशी एक टेबल फॅन असतो आणि तो त्याच्यासाठी नसतो, ॲम्प्लिफायरसाठी असतो. या सगळ्या डोलाऱ्यातला सर्वांत कसबी माणूस मात्र पुढे चालतो. त्याच्या हातात वाळलेला बांबू, बांबूच्या टोकाला बेचकी. रस्त्यावर आडव्या आलेल्या केबलच्या तारा तो बेचकीत धरून अलगद उचलतो, टॉप खालून पास होईपर्यंत तोलतो आणि पलीकडे सोडतो. विजेची तार आली की हात वर करून ताफा थांबवतो. दहा हजार वॅटच्या आवाजात त्याचं सगळं काम खुणांवर चालतं, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. शार्पीच्या दिव्यांकडे आणि लेझरकडे नका बघू. शार्पीने नुसतं दिपतं, लेझरचा झोत मात्र सरळ डोळ्यात गेला तर आतला पडदा भाजू शकतो.

कायद्याची भीती बाळगू नये, पण माहिती असावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. टेम्पोसमोर १०५ भरले तर ते ५५ च्या दुप्पट होतात असं आपल्याला वाटतं. डेसिबलचं गणित तसं नाही. ५० डेसिबलचा फरक म्हणजे आवाजाची तीव्रता एक लाख पट. नियम मोडायचाच तर एवढ्या दिलदारपणे मोडणारा जिल्हा विरळा. तुळजापूरची भवानीसुद्धा आपलं वेळापत्रक सांभाळून आहे: वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रा घेते, त्यातली नवरात्राआधीची घोरनिद्रा भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होते. म्हणजे अनंत चतुर्दशीचे डीजे गावी परतून आठवडा उलटल्यावर. त्याआधी झोपायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, हे देवीलाही ठाऊक आहे.

म्हाताऱ्या माणसांना ठाऊक नसतं. आजच्या लोहारा तालुक्यातल्या सास्तूर भागात भांडी वाजायला लागली, खिडकीचं तावदान थरथरलं, की काही माणसं काही न बोलता उठून अंगणात येऊन बसतात. १९९३ साली विसर्जन आटोपून गावं झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. अशा माणसाला ‘आबा, डीजे हाय, भूकंप न्हाई’ असं समजावून सांगावं. जरा ओरडून सांगावं लागेल. आबा ‘बरं’ म्हणतील आणि अंगणातच बसून राहतील.

कानाच्या काळजीबद्दल डॉक्टर मंडळींचं म्हणणं असं, की ८५ डेसिबल आठ तास सोसतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि १०० वर पंधराच मिनिटं उरतात. पंधरा मिनिटांत मिरवणूक मारवाडी गल्लीच्या तोंडाशीसुद्धा पोहोचत नाही. आतल्या कानातल्या ज्या केसाळ पेशी आवाज पकडतात त्या माणसात एकदा गेल्या की परत येत नाहीत. कोंबडीत येतात. म्हणून कोंबडीला पहिल्या रांगेत उभं करायला हरकत नाही. तिला आवड असली पाहिजे एवढंच. तुम्ही मात्र मेडिकलमधून फोमचे प्लग आणा. देवघरातल्या फुलवाती कानात कोंबून भागत नाही, आणि संध्याकाळी आरतीला वाती सापडत नाहीत. प्लग घातल्याने भक्तीला उणेपणा येत नाही, बेस हाडांतून पोचतोच. लोकलाजेचं वाटत असेल तर टोपी कानावर ओढावी.

एक शिष्टाचार सांगायचा राहिला. नारळ फुटताना मानाची म्हणून हलगी लागते. हलगीवाला आधीच एका बाजूला चार चिपाडं पेटवून हलगी शेकत बसलेला असतो: चामडं जाळावर फिरवायचं, बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, परत फिरवायचं. नारळ फुटला की तो पाच-सात मिनिटं वाजवतो, आणि त्या मिनिटांत लहान पोरंसुद्धा जागच्या जागी उडायला लागतात. मग कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवतं, ‘बास आता मामा, डीजे लागू द्या.’ डीजे लागतो. पहिलाच ट्रॅक असतो हलगी मिक्स. रिवाज असा की या वेळी मामांकडे बघू नये. मी एकदा विचारलं, कसं वाटायलंय? ते बेसच्या खोक्याकडे बघत म्हणाले, ‘वाजायलंय मस्त. पर चामडं ढिलं हाय. शेकली न्हाई कुनी.’ हे जाणकाराचं मत झालं; नवख्या रसिकाने त्यात पडू नये आणि आठ बेसकडे लक्ष द्यावं.

दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहील. ती सेटअपचा दर्जा सांगते असं काही जण मानतात आणि किती तास टिकली यावर पैजाही लावतात. त्या दिवशी घरात कुणी काही विचारलं तर ‘हो’ म्हणावं. बहुतेक वेळा जेवायलाच बोलावलेलं असतं. पुढच्या वर्षीच्या बुकिंगचा विसार दसऱ्याच्या आत देऊन टाकावा, नंतर चांगले सेटअप मिळत नाहीत. मात्र बोलणी फोनवर करू नका, स्वतः जाऊन भेटा आणि आकडा कागदावर लिहून दाखवा. डीजेवाल्याला फोनवरचं अलीकडे नीट ऐकू येत नाही.