कॅप्टनच्या पंगतीला जाताना

प्रस्तुत मार्गदर्शिका महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या मुंबईच्या मुलाने, सुनेने किंवा जावयाने कुणालाही न विचारता घरादाराचे क्रूझचे बुकिंग करून टाकले आहे. पैसे परत मिळत नाहीत हे कळल्यावर घरातला विरोध मावळतो. आजीही ‘आता या वयात समुद्रात कशाला’ एवढे म्हणून गप्प होते. मग एके दिवशी मोबाइलवर जहाजाचे पत्रक येते. डॉक्टर कुठल्या मजल्यावर बसतो, तलावात पोरांनी किती वाजेपर्यंत डुंबावे, अशी उपयोगी माहिती त्यात असते आणि अगदी तळाला एक ओळ: इव्हनिंग ड्रेस कोड, स्मार्ट कॅज्युअल, गाला नाइट, फॉर्मल. खरी धावपळ इथून सुरू होते. रेनकोट सोडला तर कुठल्याही कपड्याबद्दल कोकणातल्या एका घरात दोन माणसांचे एकमत होत नाही.

प्रथम तिकीट नीट वाचावे, कारण सगळी जहाजे सारखी कडक नसतात. विलायत-अमेरिका करणाऱ्या जुन्या बोटींवर पहिल्या वर्गाचे उतारू रोज रात्री नटूनथटून जेवायला बसत. सूट असे ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या रात्री, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. क्युनार्ड कंपनीच्या ‘क्वीन मेरी २’वर आजही संध्याकाळी सहानंतर कपडे बदलावे लागतात, आणि गाला रात्री पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट लागतो. त्यांच्याकडे मुखवटे लावून नाचण्याचीही एक रात्र असते. ती सोय आपल्याकडे शिमग्यात आहेच. याउलट ‘नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ कंपनीने २००० सालीच ही सक्ती सोडून दिली. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ सुटू लागले. हे जहाज १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आलेले, म्हणजे वयाने आपल्या धाकट्या मेहुण्याएवढे. गोव्याला निघालेल्या जहाजावर साहेबी शिस्त कितीशी टिकणार? तरीही पत्रकात ओळ आहे म्हटल्यावर तयारी केलेली बरी.

सोयीसाठी लग्नघराचे माप लावावे. कॅज्युअल म्हणजे हळदीचे कपडे: डाग पडला तरी चालेल, पण व्याह्यांसमोर येता आले पाहिजे. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे भावकीतल्या लग्नाला आपण घालतो ते. फॉर्मल म्हणजे स्वतःच्या मुलाचे रिसेप्शन. यापलीकडचा कुठलाही प्रकार पत्रकात आढळल्यास ती छापणाऱ्याची चूक समजून पुढे जावे.

आता सूट. महाडात ज्या घरातल्या मुलाचे लग्न झाले आहे, त्या घरात एक सूट असतोच. तो कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, दुकानाच्याच पिशवीत, डांबरगोळ्यांच्या सोबतीने राहतो. खालच्या खणात महाडकर मोलाचे काही ठेवत नाही, जुलै २०२१च्या पुरानंतर तर नाहीच. सावित्री आणि गांधारी या नद्या घरात शिरल्या की तपासणीची सुरुवात खालूनच करतात. सूट बाहेर काढताना तोंडाला रुमाल बांधावा. कॉलरवर आणि काखेत हिरवट-पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी आहे. चार महिने पाऊस आणि बंद कपाट म्हटल्यावर ती येणारच. सूट पाण्यात बुडवू नये. कार्तिकाच्या उन्हात उलटा करून वाळत घालावा आणि मऊ ब्रशाने झाडावा. नंतर खिसे तपासावेत. त्यांत अक्षतांचे पाच-सहा दाणे, विड्यातली वाळून खडा झालेली सुपारी आणि मंडपवाल्याला आगाऊ दिलेल्या रकमेची चिठ्ठी निघते. चिठ्ठीवरचा आकडा त्या वेळी घरात सांगितलेल्या आकड्याशी जुळत नाही. या टप्प्यावर चिठ्ठी गिळून टाकणे उत्तम.

टायची गाठ घरात कुणालाच येत नाही. ती लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या पुण्याच्या मित्राने मारली होती आणि तेव्हापासून कुणी सोडलेली नाही. आताही सोडू नये. डोक्यातून घालावी, हळूच ओढावी, जेवण झाल्यावर सैल करून पुन्हा खिळ्याला लावावी. पॅंटचे बटण लागत नसेल तर कोटाचे लावावे. कोटाचेही लागत नसेल तर पुढचा परिच्छेद वाचावा.

सूट हा एकच मार्ग आहे असा आपल्याकडे उगाच समज झाला आहे. क्युनार्डसारखी शिस्तीची कंपनीही डिनर जॅकेटच्या जागी राष्ट्रीय पोशाख मान्य करते. म्हणजे स्वच्छ झब्बा-सुरवार आणि वर जाकीट, किंवा बंदगळ्याचा कोट. धोतराचे प्रकरण मात्र जरा नाजूक आहे. चेन्नईत २०१४ साली धोतर नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना एका क्लबने दारातूनच परत पाठवले, तेव्हा तमिळनाडूच्या विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशी अडवणूक बेकायदा ठरवली. तो कायदा अरबी समुद्रात लागू नाही. पण घरच्या आबांना सांगून ठेवावा, वाद घालायला बरा पडतो.

आबांची टोपी हा त्याहून मोठा प्रश्न. साहेबाच्या रिवाजात छपराखाली आल्यावर टोपी काढणे हा आदर, तर आबांच्या पिढीत चारचौघांत बोडक्याने बसणे हा कमीपणा. भोजनगृहाच्या दाराशी हे दोन रिवाज समोरासमोर येतील. अशा वेळी आबांनाच पुढे करावे. ऐंशीच्या घरातल्या माणसाला टोपी काढा म्हणण्याची हिंमत वेटरला होत नाही, आणि झालीच तर आबा आधी विचारतात, “गाव कुठलं तुमचं?” तो गोव्याचा किंवा रत्नागिरीचा निघाला तर ओळखपाळख काढण्यात दहा मिनिटे जातात. तेवढ्यात मागची मंडळी आत जाऊन बसलेली असतात.

पायांचे सांगायचे तर अनवाणी, ओल्या कपड्यांत किंवा स्लिपर घालून मुख्य भोजनगृहात जाऊ नये. हाफ पॅंटही नको. गुडघे झाकलेले देवालाही लागतात आणि कॅप्टनलाही. सिद्धिविनायक मंदिराच्या न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये कपड्यांचा नियम काढल्यापासून निदान भाविकांना या गोष्टीचा सराव झाला आहे. ज्या घरातला मुलगा एमआयडीसीत आहे, तिथे ‘कंपनीचे बूट काळेच तर आहेत’ असा विचार एकदा तरी होतो. होऊ देऊ नये. सेफ्टी शूजच्या नाकात पोलाद असते. जेवणानंतर नाच असतो आणि नाचाला परकी माणसेही असतात.

बायकांच्या बाजूला अडचण कपड्यांच्या तुटवड्याची नसते, हिशेबाची असते. कुठली साडी कुठल्या कार्याला नेसली आणि तिचा फोटो कुठल्या ग्रुपवर गेला, याची नोंद मोठ्या जाऊबाईंकडे तोंडपाठ असते. विरेश्वराच्या छबिन्याला नेसलेली साडी जहाजावर नेसली तर गाडी घरी पोहोचायच्या आत ते कळते. पैठणी असेल तर विषय संपला. कॅप्टनच्या टेबलावर तिच्या तोडीचे दुसरे काही दिसायचे नाही. परंतु एक शास्त्रीय सूचना आहे. जहाज डुलते. सहावारीच्या निऱ्या जिन्यात पायात येतात, त्यात उंच टाचा असल्या तर बघायलाच नको. नऊवारीला काष्टा असतो, दोन्ही पाय सुटे राहतात, कठड्याला धरायला हात रिकामे राहतात. डुलत्या जमिनीसाठी याहून सोयीचा पोशाख अजून कुणाच्या पाहण्यात नाही. सूनबाई कुरकुरतील: “आई, सहावारीच नेसा ना, सगळे बघतील.” त्यावरचे आजींचे उत्तर इथे नमुना म्हणून देत आहोत: “बघू देत की. बघायचे वेगळे पैसे थोडीच घेते मी?”

कपड्यांचा नियम ही गोष्ट महाडला नवी नाही, आणि बोटही नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड सत्याग्रहाच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे प्रतिनिधी मुंबईहून बोटीनेच निघाले होते. ‘पद्मावती’ बोटीने हरिहरेश्वरपर्यंत, तिथून ‘अंबा’ लाँचने बाणकोटच्या खाडीतून दासगाव बंदराला, आणि पुढे महाडपर्यंत पायी. २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले, आणि बोलण्याचा मोठा भाग कपड्यांवर होता. लुगडे कितपत खाली यावे, अंगावर कुठल्या धातूचा दागिना असावा, हे अस्पृश्य बायकांसाठी गावाने ठरवलेले होते. बाईला लांबून बघूनच तिची जात कळावी अशी ती व्यवस्था. ती खूण टाका, लुगडे नीट खालपर्यंत नेसा, फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, गळ्याहातातले जडशीळ गाठले-पाटल्या उतरवा, असे त्यांनी सांगितले. परिषदेहून घरी निघताना कितीतरी जणींची नेसण्याची तऱ्हा बदललेली होती.

एवढा इतिहास पदरी असलेल्या गावच्या माणसाने भोजनगृहाच्या काचेच्या दाराशी अंग चोरून उभे राहू नये. तू अमुक आहेस म्हणून हे घालायचे नाही, असे तिथे कुणी म्हणत नाही. जेवायला येताना चांगले कपडे घालून या, एवढेच म्हणतात, आणि ते आपल्याला शिकवावे लागत नाही. तेव्हा सूट भाड्याने आणू नये. आपल्याजवळ जे सर्वांत चांगले आहे तेच बाहेर काढावे.

ते मुंबईपर्यंत धड पोहोचवणे हे निराळे काम. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली, याहून अधिक त्याविषयी इथे लिहिणार नाही. कडक इस्त्री केलेला झब्बा गाडीत हँगरला टांगला तर वडखळपर्यंत त्याचा पायजमा होतो. पोलादपूरकरांनी वीर स्टेशन गाठून रेल्वेने जाण्याचा विचार करावा. बॅलार्ड पियरला मोठ्या बॅगा ताब्यात घेतात आणि त्या मागाहून केबिनच्या दाराशी येतात, त्यामुळे संध्याकाळचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. घरची इस्त्री मुळीच नेऊ नये. आगीच्या भीतीने जहाजावर ती चालत नाही. तपासणीत सापडली तर उतरेपर्यंत ठेवून घेतात आणि सगळ्या रांगेसमोर आपले कुटुंब इस्त्रीवाले ठरते. त्यापेक्षा न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर सोडून दार लावावे आणि जाकीट आत टांगावे, वाफेने चुण्या जातात. पॅंट घडी करून गादीखाली ठेवावी. ज्यांनी पुण्यात होस्टेलवर दिवस काढले आहेत त्यांना हे सांगायला नको.

भोजनगृहात थंडी असते. एसी असा काही सोडतात की कांजीवरमच्या आत काकडायला होते, आणि रेशमावर लोकरी स्वेटर घातला की सगळे मुसळ केरात. इथे आपल्याच घाटमाथ्यावरचा धडा कामाला येतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीला उतरले ते अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून. वरून बघणाऱ्याला भेटीचाच पोशाख दिसत होता. आपण आतून थर्मल घालावे. खानापेक्षा एसी बरा, पण गाफील राहू नये.

मुलांसाठी वेगळे काही लागत नाही. चुलतभावाच्या मुंजीतला कुर्ता दोन बोटे आखूड झाला असेल तरी चालतो, आणि तासाभरात त्यावर आइस्क्रीम सांडणारच असते. त्यांना आधी खायला घालून खेळायच्या खोलीत सोडावे.

फॉर्मल रात्री जिन्याजवळ जहाजाचा फोटोग्राफर उभा असतो. तो सगळ्यांना रेलिंगला टेकवून, मान वाकडी करायला लावून फोटो काढतो आणि दुसऱ्या दिवशी ते फोटो भिंतीवर विकायला लावतो. किंमत बघून आबा पुन्हा गाव विचारायला निघतील, त्यांना आवरावे. खरे तर या सगळ्या खटाटोपातला हाच एक खर्च करण्यासारखा आहे. अख्खे कुटुंब चांगल्या कपड्यांत, कुणाचे लग्न नसताना, एका चौकटीत येण्याचा योग एरवी कुठे येतो?

एवढे करूनही गाठ सुटली, निरी फिटली किंवा आबा अडून बसले, तर बुफे वरच्या मजल्यावर असतो. टायची सक्ती तिथे नसते आणि भातही मिळतो.