क्वार्टरबॅकवर खापर फोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये शनिवारी आपला संघ हरू लागला की चाहत्याने सर्वप्रथम क्वार्टरबॅककडे, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्या गड्याकडे, बोट दाखवावे. मैदानात त्याच्या बाजूचे आणखी दहा जण असतात हे खरे, पण तिकडे पाहू नये. त्याला जपण्यासाठी उभे असलेले पाच धिप्पाड गडी बाजूला ढकलले गेले आणि तो चेंडूसकट आठ यार्ड मागे आडवा झाला, तरी ‘चेंडू आधीच सोडायला काय झालं होतं?’ असेच ओरडावे. याला दप्तरी आधारही आहे. कॉलेजच्या आकडेवारीत असे गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्याच धावण्याच्या खात्यातून वजा होतात. तटबंदी पाडली दुसऱ्यांनी, उधारी मात्र याच्या नावावर. खतावणीच अशी लिहिली जात असेल, तर चाहत्याने वेगळा हिशेब का मांडावा?

मग राखीव क्वार्टरबॅकची मागणी करावी. तो नेहमीच श्रेष्ठ असतो, कारण तो खेळलेला नसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची! कोणी पुरावा मागितलाच, तर जानेवारी २०१८ चा अजिंक्यपदाचा सामना पुढे करावा. मध्यंतराला अलाबामा जॉर्जियाविरुद्ध ०-१३ असा मागे होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी जेलन हर्ट्सला बसवून पहिल्या वर्षाच्या टुआ टॅगोव्हायलोआला उतरवले आणि त्याच्या ४१ यार्डांच्या पासने जादा वेळेत सामना २६-२३ असा जिंकला. गोष्ट इथेच संपवावी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अटलांटाच्या त्याच मैदानात, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला आणि हर्ट्सने बाकावरून उठून ३५-२८ असा विजय मिळवून दिला, हे कोणी काढलेच तरी डगमगू नये. त्या दिवशी राखीव हर्ट्स होता, सिद्धान्त शाबूत!

खरा उपद्रव ‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांचा. ते क्वार्टरबॅक जो बरोचा दाखला देतात. लुइझियाना स्टेटसाठी २०१८ मध्ये त्याचे टचडाउन पास १६, आणि २०१९ मध्ये तब्बल ६०; शिवाय वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी आणि एकही सामना न हरता अजिंक्यपद. हात तोच होता. दरम्यान आक्रमणाची आखणी बदलली आणि चेंडू झेलणारी पोरे तयार झाली. म्हणजे दोष आणि श्रेय दोन्ही अकरा जणांत वाटून घ्यावे लागतील, असे या मंडळींचे म्हणणे. तर्क बिनतोड आहे, म्हणूनच तो टाळावा. ‘मग हे साठ आदल्या वर्षीच का नाही टाकले?’ असे विचारून पी हळद अन् हो गोरी या न्यायाने मोकळे व्हावे.

कारण अडचण न्यायाची नाही, सोयीची आहे. क्वार्टरबॅकचे नाव, नंबर, गाव सगळे तोंडपाठ असते. खरा गुन्हेगार त्या पाच धिप्पाड गड्यांतला डावा टॅकल असला, तर आधी त्याचे नाव शोधावे लागते, आणि तेवढ्यात पुढचा डाव सुरू होतो.